जिवंतपणीचा रंग

राजापूरच्या एस.टी.तून, कंडक्टरच्या पायाशी बसून
बाटली स्वारगेटला उतरली.
झाकणाला अजून लोणच्याचा वास,
आत स्पिरिट, आणि स्पिरिटात
तांदळाच्या कणीएवढे अकरा जीव.
चिठ्ठीत दोनच ओळी:
कालवं फोडताना सापडले. बघा काय ते.
रुकय्या होडेकर.

मीच म्हणाले होते तिला मागच्या उन्हाळ्यात,
वेगळं काही दिसलं तर ठेव.
लोक हो म्हणतात आणि विसरतात.
तिने ठेवलं.

पाच महिने झाले, मी मोजते आहे.
पहिल्या स्पर्शिकेची पेरं अठ्ठावीस.
दुसऱ्या पकडीच्या तळव्यावर काटे सहा,
पुन्हा सहा, पुन्हा सहा,
एकाच मादीला सात.
त्या सातव्या काट्याने माझा आख्खा मार्गशीर्ष खाल्ला.

सुई भिंगाखाली धरली की
गणेशखिंडीतली प्रत्येक बस माझ्या बोटांतून जाते.
म्हणून पहाटे येते, साडेचारला.
लोंढे किल्ली देतात आणि पुटपुटतात,
समुद्र सोडून पुण्यात कसले खेकडे मोजता, बाई.
खेकडे नव्हेत, मी म्हणते.
मग काय?
ह्याला अजून उत्तर नाही, म्हणून तर पहाट.

एकीला अखंड ठेवायचं.
उद्या, शंभर वर्षांनी, कुणी शंका काढली
तर तिलाच विचारायचं.
दुसरीचे पाय एकेक सोडवून
ग्लिसरिनच्या थेंबात ओळीने मांडायचे.
कुणी अखंड राहायचं, कुणी नाही, हे मी ठरवलं.
ठरवताना माझ्या हातात चहा होता.

वर्णनाच्या साच्यात एक जागा कोरी राहिली:
रंग, जिवंतपणी.
स्पिरिटमध्ये सगळे सारखेच होतात,
शिळ्या भातासारखे.
फोन लावला.

रंग? ती हसली. मागे कोंबडी ओरडत होती.
मेंदीचा गं. पहिल्या दिवसाची नाय,
आठव्या दिवसाची. नखावर उरते ना, तेवढीच.
पोटाखाली हिरवट. ती अंडी असतील.
आणि तुम्ही काय म्हणता ह्याला?
काय म्हणणार? हातावर चढला की झटकतो.

परदेशातल्या परीक्षकाने मेंदी खोडली.
उपमा नको, रंगतक्त्यातला क्रमांक द्या.
त्याचंही बरोबर आहे. त्याच्या गावात
आठवा दिवस कुठून आणायचा?

मंडईजवळून मेंदीची पुडी आणली,
डाव्या करंगळीच्या नखावर थापली,
आणि आठ दिवस थांबले.
भांडी उजव्या हाताने. केसही.
आईने विचारलं, कुणाचं लग्न?
आठव्या सकाळी खिडकीशी तक्ता धरला,
नख एकेका चौकोनावर ठेवत गेले.
क्रमांक मिळाला. लिहिला.
मेंदीचं कुठे काही लिहिलं नाही.

नावाचं सोपं होतं.
बाईचं नाव असेल तर शेवटी 'ए' लावायचा,
लॅटिनचा नियम.
रुकय्याए.
प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, मोठ्याने म्हणून पाहिलं.
रुकय्या, ए!
खडकावर वाकलेल्या बाईला
काठावरून हाक मारतात तसं,
पाणी चढतंय, चल आता.

बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली,
तिसऱ्या फळीवर ठेवली, उन्हापासून लांब.
मग हात धुतले.
हे धरणाचं पाणी इथून मुठेत जातं,
मग भीमेत, मग कृष्णेत,
सह्याद्रीकडे पाठ करून चालत चालत
भलत्याच समुद्राला मिळतं.
तिच्या खडकापर्यंत इथलं काहीच पोचत नाही.
छापील प्रत पाठवली आहे, एस.टी.नेच.

नख वाढतंय.
रंग टोकाकडे सरकलाय,
ह्या रविवारी कापावं लागेल.