लेखाशीर्ष

एकतीस मार्च. रात्रीचे पावणेदहा.
नाशिकच्या नियोजन कार्यालयात पंखे चालू, दिवे चालू,
चहावाला तिसऱ्यांदा येऊन गेलेला.
माझ्या टेबलावर दोन कागद
आणि त्यांची अजून तोंडओळखही नाही.

एक दिल्लीहून निघाला, मुंबईत मुक्कामाला राहिला,
शिक्के खात खात जाडजूड झाला.
त्यात उंबरदेपाड्याला नळ दिलेत : घरटी एक,
एकूण त्रेचाळीस.

दुसरा सुरगाण्याच्या घाटातून एसटीने आला,
सोनीबाई भोयेंच्या पिशवीत, नागलीच्या भाकरीशेजारी.
ग्रामसभेचा ठराव, निळ्या शाईत, घडीवर तेलाचा डाग.
झऱ्याला कठडा बांधून मिळावा. गुरं उतरतात.
एवढंच.

नळ बसलेत, बाई म्हणाल्या. चांगले आहेत.
त्यांवर टॉवेल वाळत घालतो.
पोरं कान लावतात, आत वारा बोलतो म्हणे.

मी संगणकात झरा शोधला.
विहीर आहे, विंधनविहीर आहे,
बंधारा आहे, पाझर तलाव, उंच टाकी.
झरा नाही.
'इतर' दाबलं तर लाल अक्षरांत विचारतो :
इतर म्हणजे काय, ते यादीतून निवडा.

धात्रकसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला.
अरे, योजना म्हणजे दोन्ही काठांवरून
एकाच दिवशी बांधायला घेतलेला पूल.
मधोमध भेटताना हातभर चुकायचाच.
तो हातभर म्हणजे तू आणि मी.
पगार त्याचाच मिळतो आपल्याला.

समोर भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा.
त्र्यंबकचं पाणी पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत,
सुरगाण्याचं पश्चिमेला, गुजरातेत.
ते वाटून देणारा डोंगर
कुणाच्याच आराखड्यात सही करत नाही.
नकाशाचा खिळा नेमका त्याच्यातच ठोकलाय कुणीतरी.

झऱ्याजवळ आणखी काय आहे? मी विचारलं.
सकाळपासून बाकावर बसून अवघडलेल्या बाईंनी
पाय सरळ केले, आठवलं.
वीस पावलांवर मसणवाट.

साहेबांचा चष्मा खाली आला.
मसणवाटीला पैसे आहेत!
दरवर्षी येतात, दरवर्षी उरतात.
स्मशानभूमी सुधारणा व अनुषंगिक कामे,
हे लेखाशीर्ष तर अर्धं कोरंच.

मग वरचा एकही आकडा न हलवता,
खालचा एकही शब्द न खोडता,
मी टाइप केलं :
अंत्यविधीसाठी पाण्याची सोय, दगडी कठड्यासह.
यंत्र जरा थांबलं.
हिरवी खूण.

बाईंनी बोट फिरवत सगळं वाचलं,
'अनुषंगिक'पाशी दोनदा अडखळल्या.
म्हणजे मेलेल्यांच्या वाट्याचं
जित्यांनी प्यायचं.
हो, म्हणालो.
मग त्यांना सांगून ठेवते, म्हणाल्या,
आणि सही केली. हसल्या की नाही,
पंख्याखाली कळलं नाही.

शेवटची गाडी गेलेली.
सीबीएसच्या बाकावर रात्र काढीन,
पहाटे बोरगाव गाडी आहे.
जाताना त्यांनी व्हरांड्यातल्या कूलरला बाटली लावली.
तोटी फिरवली,
पाणी आलं.
बाटली भरून वाहिली तरी
हात तिथंच.

मी फाइलवर तारीख घातली, पेनाची टोपी शोधू लागलो.
धात्रकसाहेब पुढचा कागद ओढत म्हणाले,
हं, आता पेठ.