काटा अर्ध्यावर

तीन वर्षं काटा अर्ध्यावर होता.
थंडीत काटोलची संत्री, उन्हाळ्यात कुलर,
मधल्या दिवसांत कोणाचं लग्नाचं सामान, कोणाची बदली,
काही भरा, कुठंही न्या,
तो अर्ध्यावर.
मी त्याला शहाणा समजत होतो.

डिझेलचा काटा तसा नव्हता, तो उघड खोटारडा.
टाकी भरली तरी पाव दाखवायचा,
वळणावर एकदम श्रीमंत व्हायचा,
सरळ रस्त्याला लागलं की पुन्हा गरीब.
त्याचं मी कधी मनावर घेतलं नाही.
बोटाच्या पेरानं टाकी वाजवायची,
किलोमीटर वहीत लिहायचे,
संसार चालला होता.

मागच्या मे महिन्यात चौदा कुलर घेऊन अमरावतीला निघालो.
मागे पत्रे तापून करकरत,
खसाच्या ताट्यांचा कोरडा वास केबिनमध्ये.
वाडी सुटली, गोंडखैरी सुटली,
बाजारगावच्या पुढं आवाज बदलला,
घरात कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तसा.
मी काट्याकडं पाहिलं.
अर्ध्याच्याही थोडा खाली. गार.
त्याच्या भरवशावर आणखी नऊ किलोमीटर गेलो.

दुसऱ्या दिवशी वाडीला उईके मिस्त्रीनं
डिपस्टिक ओढून माझ्या नाकासमोर धरली.
ऑइल कसलं, साय धरलेला चहा.
"पानी कधी पाह्यलं होतं?"
मी म्हटलं, काटा तर बरोबर होता.
तो हसला नाही. पाना खाली ठेवला.
"काटा पान्याचा ताप सांगते न बाप्पा.
पानीच नोतं आत, मंग तो कोनाचा ताप सांगन?
हवेत लटकून होता बिचारा.
त्याले वाटे, सारं गारच हाय."

मग त्यानं डॅशबोर्ड खोलला.
ऑइलच्या खुणेमागं दिवाच नव्हता.
रिकामं होल्डर, त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा,
नीट, कात्रीनं कापलेला.
माझ्याआधीच्या मालकानं, की त्याच्याही आधीच्या,
गिऱ्हाईकाला लाल दिसू नये म्हणून.
तीन वर्षं तो लागला नाही
म्हणून मी निवांत.

बाबा अंबाझरीच्या कारखान्यात गेज तपासायचे.
दुसऱ्याच्या काट्यावर शंका घेण्याचा पगार,
एकतीस वर्षं.
काचेवर नखानं टकटक करायचे,
काटा दचकून आपल्या जागी बसायचा.
घरीही तेच. थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत,
मग आजाऱ्याच्या.
आम्ही भावंडं तापातही हसायचो.
एकेचाळीस हजारांचं बिल त्यांच्यापुढं ठेवलं
तर चष्मा कपाळावर सरकवून एवढंच,
"काच वाजवली होती का?"

आता पहाटे साडेपाचला, इंजिन थंड असतानाच, बॉनेट उघडतो.
रेडिएटरचं झाकण काढून बोट आत.
बोट ओलं झालं पाहिजे.
काठी पुसायची, घालायची, पुन्हा काढायची,
चिंधी बाबांच्या जुन्या बनियनची.
शेजारचे धकाते दात घासत विचारतात,
"काय हो, रोज काय बिघडते तुमचं?"
तोंडात फेस असतो त्यांच्या,
उत्तराची घाई नसते.

मग चावी अर्धीच फिरवतो आणि थांबतो.
दिवे एकदम लागतात, लाल, पिवळे,
परीक्षेला बसलेली पोरं हजेरीला ओ देतात तसे.
इंजिन लागलं की विझायचेत,
त्याआधी मोजतो, मोठ्यानं.
सहा.
एखाद्या दिवशी पाच भरले
तर गाडी हलणार नाही,
अमरावतीला कोणी कितीही उकडो.

नवा काटा तळाशी निजलेला असतो.
त्याच्या काचेवर नख वाजवतो.
काच कसली, प्लास्टिक,
रिकाम्या डबीसारखं वाजतं.
काटा जागचा हलत नाही.
तरी वाजवतो.