चीक

केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो.
बोटांवर येतो, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो,
तुम्ही म्हणता, वाळेल.
वाळतोच.
मग दुपारी कधीतरी, तुम्ही विसरून गेल्यावर,
काळा होऊन वर येतो.

चिनावलच्या मळ्यात पहाटे साडेतीनला
रुबाबचाचाची टोळी उतरते. नऊ जण, दोन बॅटऱ्या.
मी वाहणारा.
खांद्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावर घड,
पाटाच्या कडेकडेने, चिखल चुकवत, गाडीपर्यंत.
दिल्लीची गाडी. ड्रायव्हर काचेला पाय लावून झोपलेला.
मी मनात म्हणतो : किंमत वाढली की मागणी घटते.
पुढचा घड.
इतर परिस्थिती कायम असताना.
पुढचा घड.
इतर परिस्थिती कोणत्या गावात कायम असते
हे पुस्तकात दिलेलं नाही.

माझं नाव दोन वह्यांत आहे.
चाचाच्या वहीत नुसतं ‘रज्जू’, पुढे उभ्या रेघा.
कॉलेजच्या हजेरीत ‘तडवी रज्जाक हुसेन’, पुढे बरेच फुल्यांचे खड्डे.
एकीकडे रेघ चुकली तर पैसे जातात,
दुसरीकडे फुल्या वाढल्या तर वर्ष.
दोन्हीकडे ‘हजर’ म्हणताना
मी निम्माच असतो.
उरलेला निम्मा फैजपूरच्या एस.टी.त
खिडकीच्या गजाला डोकं टेकून पडलेला असतो.

हेमांगी भिरूडच्या नोट्स मी परत केल्या.
पानं चाळून ती म्हणाली,
“सत्तेचाळीसवर झोपलास ना तू?
इथपर्यंत बोट आलंय. पुढची पानं कोरी आहेत.”
हसली नाही. पुढच्या वेळी
वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिली.

पेपरच्या दिवशी अल्ताफ आला नाही.
त्याच्या वाट्याचे घडही मलाच.
चाचाला म्हटलं, आज पेपर आहे.
तो म्हणाला, “अन् गाडी काय उद्या भरू का रे भो?”
बरोबरच होतं त्याचं.
एस.टी. गेली. मग त्याच दिल्लीच्या गाडीनं
मला फैजपूरच्या नाक्यावर सोडलं,
मागे माझ्याच खांद्यावरून गेलेली केळी.

तिसऱ्या पानावर, ‘लवचिकता’च्या आकृतीशेजारी,
अंगठा उमटला.
आधी नव्हता. मी शपथेवर सांगतो, आधी नव्हता.
वायकोळे सर थांबले.
“ही खूण कसली? उत्तरपत्रिकेवर ओळखीची खूण म्हणजे
गैरप्रकार होतो, माहीत आहे ना?”
मी दोन्ही हात बाकावर उलटे ठेवले.
काही बोललो नाही. बोलायला मिनिटं लागतात,
आणि चौथा प्रश्न बाकी होता.

सरांनी पान उजेडाकडे धरलं.
“चीक आहे,” म्हणाले. “आमचीही केळी आहे, सात हजार खोडं.”
त्यांचा शर्ट पांढरा होता.
इस्त्रीची रेघ कॉलरपासून मनगटापर्यंत, कुठेही न मोडता.
मी बघितलं ते त्यांनीही बघितलं बहुतेक.
मग खिशातलं पेन काढून
डागाशेजारी लिहिलं : ‘केळीचा डाग. पाहिला.’
खाली सही, तारीख.

चौथा प्रश्न अर्धाच राहिला.
संध्याकाळी चाचानं उशिराचे वीस रुपये कापले नाहीत,
उलट अल्ताफची रेघ माझ्या नावापुढे ओढली.
माय शर्ट रॉकेलमध्ये बुडवून घासत बसली,
मी सांगितलं, राहू दे,
हा डाग कपडा फाटल्यावरच जातो.

गठ्ठा आता कुठल्या तरी गावी गेला असेल.
तिथे केळी फक्त डझनावर मिळत असतील.
कुणी तरी चष्मा वर करून
सरांची सही वाचेल,
आणि मग डागाकडे बघेल,
तोवर तो आणखी काळा झालेला असेल.

आज पहाटे पुन्हा साडेतीन.
हात धुतलेले आहेत.
पाण्यासारखे.