उलटा हात

मणेराजुरीत पारा सहावर उतरला
तेव्हा मी बागेत होतो,
ओळीओळीतून ओल्या पाचटाचा धूर करत.
मण्यांत आत्ताच पाणी उतरतंय,
एक गार पहाट, की तडकले.

साडेतीनला घरी आलो.
धुराचा शर्ट दाराबाहेरच काढला.
पद्मजा भिंतीकडे तोंड करून, दमलेली.
शेजारी पोरगी, उताणी,
दोन्ही मुठी कानांशी,
कुणी 'हात वर' म्हटल्यासारख्या.
दुपटं लाथाडलेलं.

वाकळ छातीपर्यंतच, बाजूंनी खोचायची,
तोंडावर काही नको,
आशाताईंनी दोनदा बजावलंय.
पण माझे हात म्हणजे पहार.
धुतले, तर आणखी गारठले.
मग काखेत दाबून उभा राहिलो,
शंभरपर्यंत मोजलं,
पुन्हा शंभर.
ती झोपेत हसली.
सटवाई हसवते म्हणतात.
हसव बाई, मला अजून हात लावता येत नाही.

मग खोचली वाकळ.
उलटा हात नाकाशी नेला:
एवढासा वारा.
मानेमागे बोट: ऊब आहे, घाम नाही.

बागेत थर्मामीटर टांगलाय, अडीचशेचा.
इथं हीच एक कातडी,
तीही भेगाळलेली.

अकरावी ओळ एव्हाना विझली असेल.
जातो.
अजून एकदा बघतो,
मग जातो.