मागची सीट

सकाळचे सात. जुन्या धावपट्टीवर वाऱ्याशिवाय कुणी नाही.
युद्धाच्या काळात इथं पोरं विमानं शिकून गेली,
आता सिमेंटच्या भेगांत गवत, गवतात बिळं,
बिळांतून डोकावणारे गोफर,
आणि आम्ही क्लबवाले, ट्रेलरमधून नारिंगी शंकू उतरवणारे.

पहिला नियम: गाडीत सुटं काही नको.
मग एकेका गाडीशेजारी ढीग वाढत जातो.
बाळाची सीट, जंपर केबल,
जूनमध्येसुद्धा बर्फाचं फावडं,
कुणाचा एकच बूट.
माणसाची आधी डिकी बघावी, नाव मग विचारावं.

दार्का ह्नातुकच्या गाडीतून निघाले
सत्तावीस हातमोजे.
लहान, लोकरीचे, एकाला एक न जुळणारे.
"बसमधले," ती म्हणाली. "बर्फ वितळलं की मालक विसरतात."
बावीस वर्षं शाळेची बस, चाळीस पोरं,
खडीचे रस्ते, उणे पस्तीस,
एक ओरखडा नाही.
"मग नवशिक्यांत कशाला?"
उसन्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली चाचपत म्हणाली,
"मागं कुणी नसताना वळण कसं लागतं, ते बघायचंय."

मार्ग आधी पायी फिरायचा.
"शंकूकडे बघू नका!" वेंडेल ओरडतो,
वारा त्यातलं अर्धं पळवून नेतो,
"ज्याच्याकडे बघाल त्यालाच ठोकाल!"
सगळे माना डोलावतात
आणि शंकूंकडेच बघतात.

पहिली फेरी. शिकवणारा म्हणून मी शेजारी.
झेंडा हलला. दार्का आरशात बघते,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा आरशात,
सिग्नल देते
(ओसाड धावपट्टीवर, सिग्नल)
आणि निघते, जणू मांडीवर दुधाचं पातेलं.
नागमोडीनंतर दोन शंकूंचं दार,
तिथं ती चक्क थांबते.
काच खाली. कान बाहेर.
"रेल्वे फाटक वाटलं," ओशाळून म्हणते,
"पाय माझं ऐकत नाही."
चौऱ्याण्णव सेकंद.
माझा पुतण्या बावन्नात येतो, निम्मे शंकू लोळवून.

रेषेपलीकडे इंजिन बंद झालं
आणि ती सीटवर वळून मागं बघू लागली.
वाकून, सीटखालीसुद्धा.
कुणी झोपून राहिलेलं नाही ना.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

ऐंशी. मग एकोणऐंशी.
चौथ्या फेरीला तिनं जीभ दातांत धरली.
लांब वळणावर मागची चाकं निसटली,
हिवाळ्यात निसटतात तशी,
आणि ते हात दचकलेच नाहीत.
त्यांच्या ओळखीचंच होतं हे.
मी मात्र दाराची मूठ घट्ट धरली,
अकरा वर्षं शिकवणारा मी.
तिनं नुसतं पुढच्या दाराकडे पाहिलं,
गाडी मुकाट तिकडे गेली.
एकसष्ट पूर्णांक तीन. दोन शंकू आडवे, चार सेकंद दंड.
वेळ तिनं विचारलीच नाही.
"कोणते दोन?" म्हणाली, मान आधीच मागं वळलेली.

दुपारी शंकू उचलायची पाळी तिची.
पळत जायची, खडूच्या चौकोनात
प्रत्येकाला नीट उभं करायची,
वरून हलकी थाप.
शेजारचा पोऱ्या हसला. तिनं त्यालाही सरळ उभं केलं.

संध्याकाळी शंकू एकात एक बसवले. एकशे अकरा.
सकाळी एकशे बारा होते.
"जाऊ दे, प्लास्टिक आहे," वेंडेल म्हणाला.
ती टॉर्च घेऊन गवतात शिरली.
डास चावत होते, कॉफी संपली होती,
तरी एकानंही गाडी सुरू केली नाही.
वीस मिनिटांनी आली, काखेत शंकू,
कडा गोफरनं कुरतडलेली.

हातमोजे पुन्हा डिकीत. सत्तावीस, मोजून.
धावपट्टीच्या टोकाशी सिग्नल लुकलुकला,
दहा किलोमीटरपर्यंत चिटपाखरू नसताना.
खऱ्या फाटकापाशी ती थांबली. काच उतरली असणार.
मग रूळ ओलांडून, धान्याच्या कोठाराजवळचं ते काटकोनी वळण.
मी डोळे ताणून बघत होतो:
ब्रेकचे दिवे
लागलेच नाहीत.