दगडाची निगा

ओस्त्रावात समुद्र नाही.
कोळसा आहे, ट्राम आहे, बर्फ वितळल्यावरचा काळा चिखल आहे,
आणि चौथ्या मजल्यावर, होलेचेकांच्या मागच्या खोलीत
तीनशे लिटर समुद्र आहे,
बादलीत मीठ ओतून, लाकडी उलथन्यानं ढवळून केलेला.

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन. अकरा दिवस.
किल्ली माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले,
"क्षार पस्तीस. ऊब पंचवीस.
दर चौथ्या दिवशी कोळंबी, लांब चिमट्यानं.
हात आत घालायचा नाही, पाठीवर तेरा काटे आहेत.
घातलाच, तर आधी कढत पाणी, मग अँब्युलन्स."
एवढं बोलताना मी त्यांना
चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

पहिले तीन दिवस मी दगडाला "दोब्री देन" म्हटलं.
डावीकडचा, शेवाळलेला, तोंडासारखी चीर असलेला.
त्याला हवापाणी सांगितलं,
लिफ्ट पुन्हा बंद पडल्याचं सांगितलं.
चौथ्या दिवशी उजवीकडच्या ढेकळानं
आवंढा गिळावा तसा एक श्वास घेतला.
म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या दगडाशी बोलत होते
आणि खरा ऐकत होता.

कोळंबी मेलेली असते. तिला जिवंत करावं लागतं.
चिमट्यात धरून थरथरवायची, जखमी असल्यासारखी.
माझा हात आपोआपच थरथरतो,
म्हातारपण पहिल्यांदा कशाच्या तरी उपयोगी पडलं.
तो बघत नाही. ताकाला तूर लागू देत नाही.
मग चिमटा रिकामा.
मधलं काही नाही.
झडप नाही, वाळूचा एक कण हललेला नाही.
तोंडाची चीर, चिरेचा दगड.

एकदा त्यांच्या खुर्चीत बसले.
काचेपासून हातभर. बसून बसून
तिला त्यांचा आकार आलाय.
तिथे मला लुबोरची ती रात्र आठवली,
एकोणऐंशीचा फेब्रुवारी.
स्वयंपाकघरात नळ सोडून, दिवा मालवून
तो मला जे बोलला होता
ते त्यांच्याकडे टाइप केलेलं होतं,
तारखेसकट. माझं हसणंसुद्धा, कंसात.
कुणी ऐकलं? जिन्यात चौदा बिऱ्हाडं.
पुढे फायली खुल्या झाल्या, लोक रांगेत उभे राहिले.
बहीण म्हणाली, जा, नाव तरी कळेल.
मी म्हटलं, कळल्यावर जिन्यात मान कुणाला डोलवू?
गेले नाही.

खोलीत एक कपाट आहे.
"मीठ वरच्या खणात," असं सांगून गेलेत.
खालच्याबद्दल बोलले नाहीत.
त्याला कुलूप नाही.

नवव्या दिवशी त्यानं कात टाकली.
राखाडी पापुद्रे सुटत गेले, शेवाळासकट,
आणि खाली तो लालसर, कोवळा,
नुकतं पुसून ठेवलेलं कुणाचंही मूल असावं तसा.
मी तोंड फिरवलं. कपडे बदलणाऱ्या माणसाच्या खोलीत
आपण चुकून शिरतो, तसं वाटलं.
मग पुन्हा बघितलं. सोडलं नाही.
पुढे दोन दिवसांत रंग परत मळत गेला.

अकराव्या दिवशी ते कुबड्या टेकत आले,
कोटासकट त्या खुर्चीत बसले.
"खाल्लं?"
"खाल्लं."
"त्रास?"
"नाही. पण चार दिवस मला तो दिसलाच नव्हता."
"दिसत नाही तो," होलेचेक म्हणाले,
काचेकडे तोंड करून, हनुवटी मफलरीत,
आणि त्यांचा फक्त गळा हलला.

मी मिठाची रिकामी पिशवी घडी घालून ठेवली.
खालचा खण जसा होता तसा आहे,
असं मला वाटतं त्यांना कळलं.

किल्ली त्यांनी मागितली नाही. मीही दिली नाही.
ती अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे, सुट्या पैशांत.
खुबा बरा व्हायला दोन महिने लागतील म्हणतात.
मंगळवारी बाजारात जाईन तेव्हा
कोळंबी आणायची आहे,
मोठी नको, त्याला बेताची लागते.