कड्याची रेघ

मी नाव लिहिलं नव्हतं.
गाव नाही, रस्ता नाही.
फक्त माझे हात, हातांत ट्राउट,
तिच्या कुशीवर निळ्या कड्यांतले लाल ठिपके
आणि मागे, माझ्या टोपीच्या वर,
ग्रॅनाइटच्या कड्याची रेघ,
एका जागी मूस हरणाच्या ओठासारखी लोंबलेली.

तेवढी पुरली.
सडबरीत कुणी रात्रभर जागला,
डोंगर उभे करून दाखवणाऱ्या नकाशात
तो ओठ शोधत.
सापडल्यावर त्याने चव्हाट्यावर मांडले
अक्षांश, रेखांश,
शेवटी एक हसरा चेहरा.

ओदिलोंने मला तिथे नेलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
होडी त्याच्या डोक्यावर पालथी,
मी त्याच्या बुटांच्या टाचा बघत मागून.
आधी माश्या, मग मासे,
असा त्या वाटेचा क्रम.
पहिली पन्नास पावलं वाट नव्हतीच;
दर खेपेला तो वेगळ्या झुडपांतून शिरायचा,
गवताला सवय लागू नये म्हणून.

वल्ह्याच्या दांड्यावर दोन खाचा.
पहिल्या खाचेहून आखूड, परत पाण्यात.
दुसरीहून लांब, तीही परत:
तिला ऑक्टोबरात काम आहे, म्हणायचा.
मधल्यांतले वर्षाला दोन.
तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात.
त्याने एकेचाळीस वर्षं राखलं,
चाखलं ते बोट बुडवून.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी
रस्त्याकडेला अकरा ट्रक.
पेट्रोलपंपाच्या खिडकीतून मी मोजले.
त्यांना बर्फ मीच विकला,
गांडुळांचे डबेही.
पुढे डावीकडेच ना, प्रत्येकाने विचारलं.
मी मान हलवली,
कशी हलवली ते आता सांगता येणार नाही.

चोर नव्हते ते.
खिशात परवाना, पेटीत मासे
कायद्याने चालतात तेवढेच, एकही जास्त नाही.
पण तळं केवढं?
ओदिलों या काठाला शिंकला
की त्या काठाचा पाणपक्षी बुडी मारायचा, एवढं.

एका माणसाबरोबर त्याची मुलगी होती,
पुढचे दोन दात पडलेली.
पाच तास गाडीत बसून आलेली.
तिने काउंटरवर फोन ठेवला: माझा पहिला!
हात, ठिपके, मागे रेघ.
माझाच फोटो, लहान बोटांत.
छान आहे गं, मी म्हणाले. छानच होता.
मग म्हणाले, कुणाला पाठवलास तर
मागचा डोंगर काप.
का, तिने विचारलं.
बापाने सुटे पैसे मोजून घेतले,
दार वाजलं.
ते का अजून काउंटरवर आहे.

फोटो मी पुसला त्याच रात्री.
चौदाशे जणांकडे तो आहे.
कडा जिथल्या तिथे.

ऑक्टोबरात आम्ही दोघं खडकावर पालथे पडलो,
जिथे खडीतून झरा वर येतो
आणि माद्या शेपटीने खळगे करतात.
एरवी मोजता मोजता आकडा हरवायचा.
या वेळी चार.
पाचवं कदाचित पान असेल, मेपलचं.
ओदिलों बराच वेळ त्या पानाकडेच बघत राहिला.
कोणी केलं, हे त्याने जूनमध्ये विचारलं नाही,
तेव्हाही नाही.
मी सांगायला तोंड उघडलं,
तर म्हणाला, हळू, सावली पडते.

परतताना वाटेवर
झाडाझाडाला नारिंगी फिती,
पुढच्या माणसाला सापडावं म्हणून
मागच्याने बांधलेल्या.
त्याने एकेक सोडली,
गाठी दातांनी, बोटं आता वळत नाहीत.
दोन्ही खिसे भरले.

मग रस्त्यापाशी आल्यावर
तो घराकडे वळला नाही.
उजवीकडची जुनी लाकूडतोड्यांची वाट,
जी दलदलीत जाऊन बुडते,
तिच्या पहिल्या बर्चपाशी थांबला
आणि एक फीत माझ्या हातात दिली.

घट्ट बांध, म्हणाला.
लांबून दिसली पाहिजे.